कंबर १०८

काल रात्री जमिनीवर मांडी घालून नव्या स्कींच्या स्किन्स कापत बसले होते. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची ही केसाळ पट्टी. केस मागे वळलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. कापायची अशी की तळ सगळा झाकला जावा आणि दोन्ही बाजूंची पोलादी कड मात्र उघडी राहावी. जेमतेम दोन मिलिमीटर. कडेवर स्किन आली तर कडक बर्फावर तिरकं चालताना स्की धरच घेत नाही. ही दोन मिलिमीटर मी इतकी जपते त्याला कारण आहे, आणि या वेळी ११८ सोडून १०८ची स्की घेतली, त्यालाही तेच कारण आहे.

आकडा कंबरेच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; कंबर म्हणजे बुटाखाली स्की सगळ्यात अरुंद असते ती जागा. तीन हिवाळे मी ११८ची वापरली. मांडीपर्यंतच्या ताज्या पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत कोरड्या बर्फात, ती काय चालायची! पण डोंगरात पावडर काही अंगणात पडलेली नसते, तिथवर चढून जावं लागतं. एका सकाळी खिंडीखालच्या आडव्या वाटेवर वाऱ्याने वरची सगळी पावडर उडवून नेली होती आणि खाली काचेसारखा थर उघडा पडला होता. चाळीसेक पावलांचाच टप्पा. टूरिंगचा, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून उतरायचा बूट पुढच्या टोकाला साधारण ६९ मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे ११८ची कड बुटाच्या बाहेर दोन्हीकडे जवळजवळ अडीच सेंटिमीटर जाते. त्या कडेवर उभं राहायचं म्हणजे बर्फ प्रत्येक पावलाला घोटा उताराच्या दिशेने पिळतो. बाराव्या-तेराव्या पावलाला पाय थरथरायला लागला, कड सुटली, आणि मी दहा मीटर खाली गेले. खाली मऊ बर्फ साचला होता, तिथे थांबले. लागलं नाही. पण कडक बर्फात रुतावेत म्हणून स्कीला लावायचे दातेरी क्रॅम्पॉन पाठपिशवीत नव्हते. जुने होते ते अरुंद स्कीचे, ११८वर बसतच नव्हते, आणि नवे घ्यायचं मी पुढे पुढे ढकलत होते.

मग सरळ ८८ची का नाही घेतली? सोबतीणीनेही हेच विचारलं. याचं उत्तर मला उताराच्या कोनात सापडलं.

हिमस्खलनात बर्फाच्या लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. नवा बर्फ पडून गेल्यावर, वारा वाहिल्यावर, आम्ही ३०च्या आतच राहतो आणि वरही तेवढा चढ डोक्यावर नको म्हणून वाट शोधतो. म्हणजे पावडर सगळ्यात खोल असते त्याच दिवशी आम्ही सगळ्यात सौम्य उतारावर असतो. तिथे अरुंद स्की बुडते, गुडघ्यांनी बर्फ ढकलत राहावं लागतं आणि स्की मध्येच थांबते. मग काठ्या मारत पुढे जायचं, आणि नजर आपोआप शेजारच्या तीव्र उताराकडे वळते. रुंद स्की वर राहते, वेग धरते, २५ अंशांवरही वळणं लागतात. माझ्यासाठी रुंदीचं खरं काम हे आहे: सुरक्षित उतारावर मन रमावं. एवढ्यासाठी मी थोडं जास्त वजन आनंदाने वाहीन.

थोडंच, हं. जुनी एक स्की १९५० ग्रॅमची होती, नवी १५५० आहे. पंधरा अंशांच्या वाटेने हजार मीटर चढायचं तर चाल जवळपास ३.९ किलोमीटर होते. पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर साडेपाच हजार पावलं. प्रत्येक पावलाला ४०० ग्रॅम कमी म्हणजे एका चढाईत पायांनी पुढे ढकललेलं वजन दोन टनांहून जास्त घटलं. उतरायच्या वेळी मांड्यांत जीव उरतो तो यामुळे. याहून हलक्या स्कीही पाहिल्या, पण त्या उतारावर तुटक बर्फात नाचतात. माझं वजन ६१ किलो, स्कीची लांबी १७६ सेंटिमीटर घेतली, आणि १५५०वर थांबले.

तरंगणं निव्वळ रुंदीवर नसतं, हे कळायला मला वेळ लागला. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने पाण्यावरच्या स्की बर्फावर चालवून पाहिल्या होत्या. त्याच्या कल्पनेतून २००२मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅच्युला नावाची स्की आली, होडीच्या तळासारखी दोन्ही टोकांनी वर उचललेली. आज जिला रॉकर म्हणतात ती हीच उचल. १०८ची स्की पुढून नीट उचललेली असेल तर सपाट नाकाच्या ११८हून सहज वर येते. फक्त दोन्ही टोकं फार उचललेली नकोत. चढताना स्किनचा बर्फाला लागणारा भाग कमी होतो आणि तीव्र वाटेवर पाय मागे सरकतात. म्हणून मी पुढे भरपूर रॉकर, बुटाखाली कॅम्बर, म्हणजे मधे वर उचललेली कमान, आणि शेपूट जवळजवळ सपाट अशी निवडली. किक टर्नला, म्हणजे चढावर जागच्या जागी एकेक स्की उचलून दिशा बदलताना, टाच मारली की शेपूट खाली जाऊन नाक वर येतं का, तेही दुकानातच बूट घालून पाहिलं.

रंगसुद्धा पाहिला. गडद पृष्ठ उन्हात तापतं, त्यावरचा बर्फ वितळतो आणि सावलीत शिरताच गोठून चिकटतो. रुंद स्कीवर त्याला जागाही जास्त. माझी फिकट राखाडी आहे.

स्किन्स कापून झाल्यावर गोंदाला गोंद लावून घडी घातली आणि १२०चे नवे क्रॅम्पॉन स्कीवर बसवून पाहिले. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मोकळे राहतात. मग ते लगेच पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात टाकले, हातमोजे न काढता काढता येतील असे.