आधी मोठी बोट थांबवा

सागरी पोलिसांनी बोट पकडल्याचा फोन आला की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न असतो, "कोणाची?" कसला गुन्हा, ते नंतर. नाव कळलं की पुढचं सगळं लोक आपणच सांगून टाकतात. बोट संध्याकाळपर्यंत सुटेल की सणापर्यंत अडकेल, याचे अंदाज चहा येईपर्यंत बांधून होतात आणि बहुतेक वेळा खरेही ठरतात.

मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी लिहायचं काम करते. डिझेल परताव्याचे कागद, परवान्यांचं नूतनीकरण, विम्याचे हप्ते, खलाशांची ओळखपत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. नवरा गिलनेटची, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणाऱ्या जाळ्याची, होडी घेऊन जातो, सासऱ्यांचं आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलं. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. तटस्थ माणसं शोधायची तर घाटावर जावं लागेल.

कायदा कमी पडतो असं आता म्हणता येत नाही. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवर बेतलेला होता, पाचपटीपर्यंत. मासळी कमी दाखवली की दंडही कमी. शिवाय निकाल द्यायचा तहसीलदारांनी, ज्यांच्याकडे सातबाऱ्यापासून निवडणुकीपर्यंत सगळंच असतं. २०२१ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना मासेमारीला ५ लाखांपर्यंत दंड आला. पर्ससीन, रिंगसीन (थव्याला वेढणारी मोठी जाळी) आणि ट्रॉलिंगचे (बोटीमागे जाळं ओढत नेण्याचे) नियम मोडले तर १ ते ६ लाख, मासळी ओढून घ्यायला एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख. सुनावणीही मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आली. आम्ही तेव्हा पेढे वाटले नाहीत, पण बरं वाटलं होतं.

आता आकडे नीट बघा. माझ्या नवऱ्याची होडी, आऊटबोर्ड इंजिन आणि सगळी जाळी विकायला काढली तरी ५ लाख हातात पडणार नाहीत. त्याच्या परवान्याची मुदत संपली आणि तो तसाच गेला, तर तोही त्याच ५ लाखांच्या कलमात बसतो. एलईडीवाल्याचा कमीत कमी दंड ५ लाख, आणि तेवढे पैसे एका चांगल्या रात्रीत निघतात असं जेटीवरची माणसं सांगतात. दंड कोणाला किती बोचणार हे इंजिनाची ताकद आणि जाळ्याचा प्रकार बघून ठरायला हवं. तो ठरवणं पोलिसांच्या हातात नाही, मान्य. पण कोणाला थांबवायचं हे त्यांच्या हातात आहे. समुद्रात हात दाखवणारी, कागद मागणारी, दोरी बांधून बोट बंदरात आणणारी गस्ती नौका पुष्कळदा त्यांचीच असते.

ती नौका उभी कुठे राहते? खाडीच्या तोंडाशी. तिथे डिझेल कमी लागतं, लाटा कमी, आणि सकाळी परतणाऱ्या लहान होड्या एकामागोमाग आपल्या पायांनी समोर येतात. विमा दाखव, परवाना दाखव, लाइफ जॅकेट मोज. दिवसाच्या कारवायांचा आकडा पूर्ण होतो. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर रात्री येतात, दूर असतात, आणि त्यांच्या इंजिनापुढे गस्तीची बोट मागेच राहते. एलईडीवाले तर १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या, रेषेपलीकडे दिवे लावून बसतात, कारण राज्याची हद्द तिथे संपते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये त्या पलीकडच्या पाण्यातही एलईडीला बंदी घातली आहे. पण तिथे तटरक्षक दल लागतं, आणि तटरक्षक दलाला आपल्या तारल्या-बांगड्यांशिवायही पुष्कळ कामं असतात.

माझं म्हणणं असं की एलईडीवाल्यांना समुद्रात पकडण्याची एवढी घाई कशाला? दिव्यांना लागणारा जनरेटर काही पाण्यातून उगवत नाही. तो जेटीवर, दिवसाढवळ्या, चार माणसं लावून बोटीवर चढवला जातो. पाण्यात सोडायचे दिवे, त्यांची केबल, सगळं तिथेच चढतं. प्रत्येक फेरीला बोटीला टोकन द्यायचं असतं, त्याची वही असते, जेटीवर सुरक्षा रक्षक नेमलेले असतात. कोणती बोट किती वाजता काय घेऊन गेली हे बंदरातल्या शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक असतं. गेल्या हंगामात आमच्याच शेजारच्या मुलाची होडी विम्याचा कागद घरी राहिला म्हणून दुपारपर्यंत अडकवून ठेवली होती. त्याच संध्याकाळी तिथून शंभर पावलांवर एका मोठ्या बोटीवर जनरेटर चढला. साहेब तिथेच होते. पाठ करून उभे होते.

आता हद्दीचं. यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि हे सोडवणं सगळ्यात सोपं आहे. ट्रॉलिंगची बंदी खोलीवर आहे, कुठे ५ वाव, कुठे १० वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी, साधारण ६ फूट. जुना तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडतो आणि हाताने मोजत वर ओढतो. हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो, पण तो ठाण्यात चालत नाही. ठाण्यात चालतं ते यंत्रावरचं ठिकाण. आणि ते नेमकं कोणी लिहून घेतलेलं नसतं. बोट आधी ओढून बंदरात आणायची आणि मग पंचनाम्यात 'अमुक ठिकाणी आढळली' असं लिहायचं, ही पद्धत. एकदा अशाच पकडलेल्या लहान ट्रॉलरचा तांडेल सोसायटीत येऊन बसला होता. म्हणाला, "माका इचारतत, खय होतस म्हणान. मिया म्हटलंय, तुमच्या मशीनीर काय दिसता ता दाखवा. तर म्हणतत, ठाण्यार चल."

तो खरंच बंदीच्या पाण्यात शिरला होता की नाही, मला माहीत नाही. माझा संशय आहे की शिरला होता. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. बोट थांबवली त्याच जागी जीपीएसच्या पडद्याचा फोटो घ्या, वेळ दिसेल असा. खोली बघा, लिहा. मराठीत वाचून दाखवा, तांडेलाची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. याला किती वेळ लागतो? मोठ्या मालकाचा वकील सुनावणीत पहिला घाव इथेच घालतो, आणि बोट सुटते. लहान माणसाकडे वकील नसतो, म्हणून तो अडकतो. कच्च्या पंचनाम्याचा फायदा कधीच गरिबाला होत नाही.

मासळीचंही तसंच. पकडलेल्या बोटीतली मासळी टिकत नाही म्हणून तिचा लिलाव करून पैसे जमा करतात. बरोबर आहे. फक्त तो लिलाव रोजच्या लिलावाच्या जागी, रोजच्या वेळी, सोसायटीचा एक माणूस उभा करून व्हावा. नाहीतर इसवण, म्हणजे सुरमई, बांगड्याच्या भावात जाते आणि ती कोणी घेतली याची चर्चा महिनाभर चालते.

खलाशांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांची बाजू कोणी लिहीत नाही. मोठ्या बोटींवरचे खलाशी आता कर्नाटक, ओडिशा, नेपाळ असे कुठून कुठून येतात. बोट पकडली की पहिली दमदाटी त्यांनाच होते. भाषा येत नाही, ओळखपत्र मालकाच्या कपाटात, पगार हंगामाच्या शेवटी. जाळं कुठे टाकायचं हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. ते ठाण्याच्या ओट्यावर रात्र काढतात आणि मालक घरी जेवून, झोपून, सकाळी गाडीने येतो. गुन्हा परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यावर आधी लागला पाहिजे. हे कायद्याबाहेरचं नाही. नोंदणीच्या कागदावर मालकाचं नाव ठळक छापलेलं असतं, मीच ते अर्ज भरते.

आता आमच्या लोकांबद्दल, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी लिहिते. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बिनइंजिनाच्या होड्यांना तेवढी सूट आहे. पण आऊटबोर्ड लावलेली होडी ही इंजिनाची होडीच, आणि जूनच्या मध्यात दोन दिवस उघडीप मिळाली की कोणाकोणाच्या इंजिनाला पाय फुटतात हे मला माहीत आहे. रापणीतही बारकी मासळी येते. राज्य सरकारने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आतलं पकडायचं नाही. नियम चांगला आहे. तो रापणकरालाही लागू झाला तर मी तक्रार करणार नाही, पण सुरुवात वाळूवर बसून टोपलीतली मासळी पट्टीने मोजण्यापासून होऊ नये. एका ट्रॉलरच्या खणात जेवढी पिल्लं असतात तेवढी रापणीला एका हंगामात येत नाहीत, असं सासरे म्हणतात. ते रापणकर आहेत, तेव्हा थोडं कमी करून घ्या.

पर्यटकांच्या बोटींचं मात्र मला काही समजून घ्यायचं नाही. तिथे कडकच वागा. २४ मे २०२२ला तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली, दोघे गेले. २६ मेपासून प्रवासी बोटी पावसाळ्यासाठी बंदच होणार होत्या, म्हणजे हंगामाचे शेवटचे दोन दिवस. त्यानंतर काही दिवस जेटीवर माणसं मोजायला पोलीस, बंदर खातं सगळे हजर. मग हळूहळू कोणीच नाही. मासेमारीच्या बोटीपेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे. परवान्यात किती माणसं मंजूर आहेत ते बघायचं, बोटीवरची डोकी मोजायची, जास्त असतील तर सुटायच्या आधी उतरवायची. मे महिन्यात गर्दी असते, पर्यटक आरडाओरडा करतात, बोटवाल्याची ओळख वरपर्यंत असते. असू दे.

आणि नियम सरकारी बोटीलाही असतो. १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ माणसं गेली. प्रवासी बोटीत परवानगीपेक्षा जास्त लोक होते हेही पुढे आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आमच्याकडे त्या आठवड्यात तपासणी झाली ती फक्त खाजगी बोटींची. गस्तीची बोट जाळ्यांवरून सुसाट जाते, जाळं तुटतं, त्याची भरपाई मागायला कुठल्या खिडकीवर जायचं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

लाइफ जॅकेटबद्दल नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. तो म्हणतो, जाळं ओढताना पट्टा अडकतो, माणूस जाळ्यासकट पाण्यात जाईल. मी म्हणते, निदान खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथे घाल. दंडाच्या भीतीने नाही तर माझ्या बोलण्याच्या भीतीने तो आता तेवढं करतो. एका पोलिसाने त्याला असंच समजावलं असतं तर मला बोलावं लागलं नसतं.

तसा एक होता. सोलापूरकडचे तरुण पीएसआय, पहिल्यांदा समुद्र बघितलेले. आल्या आल्या सोसायटीत येऊन म्हणाले, "मला जाळी दाखवा." सासऱ्यांनी वाळूवर रापण पसरून दाखवली, नवऱ्याने गिलनेट. जाळ्याचा डोळा कसा मोजायचा ते त्यांनी विचारलं, वहीत लिहून घेतलं. सासऱ्यांना काका म्हणायचे. नंतर होडीतून गेले तेव्हा सगळं पोटातलं बाहेर काढून आले, पण गेले. त्यांच्या काळात कारवाया कमी झाल्या नाहीत, आमच्या दोन होड्यांवरही झाल्या. भांडणं मात्र झाली नाहीत. कागद नसेल तर पहिल्यांदा तारीख घालून लेखी ताकीद, दुसऱ्यांदा कारवाई. जेटीच्या भिंतीवर महिन्याची यादी लावायचे: कुठल्या प्रकारची बोट, कुठे, कशासाठी, पुढे काय झालं. त्या यादीत मोठ्या बोटी दिसायला लागल्या तेव्हा लोक थांबून वाचू लागले. त्यांची बदली झाली. भिंतीवर आता स्कुबाची जाहिरात आहे.

पोलिसांना आमची गरज नाही असंही नाही. २००८ला कसाब आणि त्याचे साथीदार मुंबईत उतरले ते एका पळवलेल्या मासेमारी बोटीच्या आधाराने, आणि किनाऱ्यावर त्यांना पहिल्यांदा हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्या लोकांनीच. तेव्हापासून अनोळखी बोट दिसली तर १०९३ला फोन करा, असं प्रत्येक बैठकीत सांगतात. किनाऱ्याच्या सुरक्षेच्या 'सागर कवच' सरावाच्या दिवशी आमच्याच होड्या दहा वेळा थांबवतात, तेही लोक सहन करतात. पण सकाळी ज्याला विम्याच्या कागदावरून सगळ्या बंदरासमोर शिव्या खाव्या लागल्या, तो रात्री संशयित दिवा दिसल्यावर फोन करेल का? करेलही. उशिराने करेल. आणि पोलीस एलईडीवाल्याला अडवत नाहीत असं वाटलं की लोक स्वतः होड्या घेऊन त्याला घेरायला जातात. २०१५मध्ये आचऱ्यात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले भिडले होते, ते इथे कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी दंगलीचं कलम लागतं ते समुद्रात पहिल्यांदा धावत गेलेल्यांना.

बंदी उठून बोटी बाहेर पडायच्या आधी सोसायटीतर्फे ठाण्याला पत्र द्यायचं ठरलं आहे. मसुदा माझ्याकडे आहे. भिंतीवरची यादी पुन्हा सुरू करा, जागेवरच जीपीएसचा फोटो घ्या आणि प्रत द्या, जनरेटर जेटीवर अडवा, लेखी ताकीद आधी, एवढंच मागितलं आहे. नवऱ्याने एक ओळ घालायला लावली: कागद बघायचे तर जेटीवर बघा, जाळं पाण्यात असताना नको. चेअरमन म्हणाले, ती काढ, साहेबांना हुकूम दिल्यासारखं वाटेल. मी सुरुवातीला 'नम्र विनंती' जोडून ती ओळ ठेवली आहे आणि सह्यांसाठी पत्र काल रापणकरांकडे पाठवलं आहे.