ऑनलाइन गेमची गोडी ओसरते तेव्हा

रोज लॉगिन करायचं, डेली मिशन उरकायचं आणि लगेच बाहेर पडायचं. असं होऊ लागलं की गेमची ओढ संपलेली असते, उरतो तो सीझन पास (ठरावीक मुदतीत बक्षिसं मिळवून देणारा पास) वाया जाण्याचा धाक.

रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत कंटाळा लवकर येतो, कारण मॅचमेकिंग, म्हणजे खेळाडूंची गाठ घालणारी यंत्रणा, तुमच्याच ताकदीचे प्रतिस्पर्धी शोधतं. खेळाडूची ताकद गुणांत मोजणाऱ्या इलो पद्धतीचं उदाहरण घ्या. दोघांचं रेटिंग सारखं आणि के-फॅक्टर (एका सामन्यात रेटिंग जास्तीत जास्त किती बदलू शकतं तो आकडा) ३२ असेल, तर जिंकल्यावर १६ गुण मिळतात, हरल्यावर १६ जातात. खेळ सुधारला की समोरचाही तगडा येतो, त्यामुळे जिंकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहतं. आपण जागीच अडकलोय असं वाटतं, पण तसं नसतं! जुने रिप्ले पाहिले की फरक दिसतो.

दोन आठवडे नोटिफिकेशन बंद ठेवा, डेली मिशन सोडा, फक्त ओळखीच्या स्क्वाडबरोबर, म्हणजे आपल्या टीमबरोबर, अनरँक्ड खेळा. मजा परतली तर दोष रँकच्या शर्यतीचा. स्क्वाडच पांगला असेल तर मात्र नवा मॅप किंवा स्किन (पात्राचं नवं रूप) फारसं काही करू शकत नाही. माझ्या मते गोडी ओसरण्याचं स्क्वाड पांगणं हेच सर्वांत मोठं कारण असतं.

सोडायचंच ठरलं तर अकाउंट घाईने डिलीट करू नका, विकत घेतलेल्या वस्तूही जातात. आधी नुसतं अनइन्स्टॉल करा. त्याने सबस्क्रिप्शन मात्र थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमधून ते वेगळं रद्द करावं लागतं.