एव्हबरीचा खंदक

स्विंडनहून निघालेली बस एव्हबरीला थांबली, तेव्हा आपण रिंगणाच्या आतच उतरलो आहोत, हे माझ्या ध्यानातही आले नाही. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातले हे नवपाषाणयुगीन शिळांचे रिंगण एवढे ऐसपैस आहे, की गावातली काही घरे, एक पब आणि वाहता रस्ता त्याच्या पोटात सहज मावले आहेत. बहुतेक लोक उभ्या शिळा पाहायला येतात. मला मात्र त्यांच्याभोवतीचा खंदक आणि मातीचा बांध पाहायचा होता.

काठावरून खाली पाहताना खंदक खोल वाटतो खरा, पण निम्म्याहून अधिक भाग गाळाने भरून गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुरातत्त्वज्ञ हॅरॉल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी तळापर्यंत खणून पाहिले, तेव्हा मूळ खोली सुमारे ९ मीटर निघाली आणि हरणाच्या शिंगांच्या कुदळी सापडल्या. धातूचे एकही अवजार नसताना माणसांनी पांढरा चॉक, म्हणजे इथला मऊ चुनखडीचा खडक, फोडून वर टाकला आणि त्याचाच हा बांध झाला. आज त्यावर गवत आहे. तेव्हा तो दुरूनही पांढराशुभ्र दिसत असणार.

अठराव्या शतकात इथल्या कित्येक शिळा तापवून फोडल्या गेल्या आणि घरांच्या भिंतींत गेल्या. १८७१ मध्ये तर रिंगणातली जमीन घरांसाठी विकली जाऊ लागली, तेव्हा खासदार आणि पुरातत्त्व अभ्यासक जॉन लबक यांनी ती स्वतः विकत घेऊन बांधकाम थांबवले. पुढे त्यांच्याच खटपटीने १८८२ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. त्याच्या यादीत एव्हबरीच्या शिळांबरोबर हा बांधही स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे, याचे मला विशेष वाटते, कारण मातीच्या ढिगाला वारसा म्हणायला निराळी नजर लागते. १९८६ पासून स्टोनहेंजसह हे स्थळ जागतिक वारसा यादीत आहे.

शिळेला कुंपण घालता येते, पण बांध झिजतो तो पायांनी. म्हणूनच गवत पुन्हा धरावे यासाठी बांधावरचे काही भाग आलटूनपालटून बंद ठेवतात. उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्यांच्या लेंड्या चुकवताना ओल्या गवतावरून माझा बूट घसरला, वीतभर हिरवळ सोलली गेली आणि आतला पांढरा चॉक उघडा पडला. ती हिरवळ हाताने जागेवर दाबून बसवली आणि मी बांधावरून खाली उतरलो.