भोपळ्याच्या फुलासाठी शनिवारची शाळा

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल दणकून पसरला होता. पण श्रावण निम्मा सरला तरी एक फळ धरेना. लिंबाएवढं व्हायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. फळमाशी असणार, असं गावातल्या जाणत्यांचं मत पडलं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी गळालेली फळं विळीवर चिरून दाखवली. आत अळीचा मागमूस नव्हता.

मला शंका होती मधमाश्यांची. पावसाची झड लागली की त्या बाहेर पडत नाहीत, मग नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोचत नाहीत आणि फळ धरत नाही. पण मुलांना हे दाखवायचं कसं? भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि साडेदहाला आमची प्रार्थना होईस्तोवर मिटायला लागतं. राहिला शनिवार. त्या दिवशी शाळा सकाळची.

हजेरीच्या आधीच सगळी पलटण घेऊन कुंपणाशी गेले. चौथीतल्या एका मुलीला म्हटलं, "सगळी फुलं सारखीच आहेत का, बघ बरं." ती खाली बसून देठ न्याहाळू लागली. "बाई, ह्याच्या खाली बारका भोपळा हाय. ह्याला नुसती दांडी."

बस्स, निम्मा धडा तिनंच घेतला. नुसत्या दांडीचं ते नर फूल. ते खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला परागांनी माखलेला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम भागतं. ज्यानं टेकवलं त्यानं त्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधायचा. रंगांवरून भांडणं झालीच.

नर फुलं मात्र ढीगभर उरली. वेलावर ती मुळातच जास्त असतात. पोरांना भजी हवी होती. मावशी म्हणाल्या, "पोरामागं पाच ग्रॅम तेल येतं, त्यात भजी तळू व्हय?" हिशोब बरोबर होता, प्राथमिकच्या मुलाला दिवसाला तेवढंच तेल धरलेलं असतं. मग ठरली पीठ पेरून भाजी. मुलांनी फुलं झटकून मुंग्या काढल्या, आतला दांडा आणि बुडाच्या हिरव्या पाती खुडल्या. एका फुलातून काळा भुंगेरा निघाला आणि वर्गभर किंचाळ्या. मावशींनी लसणाची फोडणी दिली, हळद-तिखट घातलं, फुलं परतून वर बेसन भुरभुरलं आणि झाकण ठेवलं. पातेलंभर फुलांची एवढीशी भाजी झाली. खिचडीबरोबर प्रत्येकाच्या ताटात चमचाभर आली. काहींनी बोटं चाटली, काहींनी हळूच कडेला सारली. काय करणार?

पुढच्या आठवड्यात बरेच धागे फळासकट टिकलेले दिसले. ज्यांची गळाली, त्यांनी वेलाऐवजी माझ्याकडेच तक्रार केली.

दुधीची पांढरी फुलं उलट संध्याकाळी उमलतात, हे मी बोलता बोलता सांगून बसले होते. शाळेला लागून राहणाऱ्या पाचवीतल्या पोरानं ते काम अंगावर घेतलं. रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. "बाई, हा बॅटरी घेऊन निघालाय. भोपळ्याचं लगीन लावायचं म्हणतोय. तुम्ही सांगितलंय का खरंच?"

म्हटलं, "हो. जाऊ द्या त्याला, पण पायात बूट घालायला सांगा."