होळकरी स्वार ओतताना: कथील, व्हाइट मेटल आणि रंगाचा थर

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडायची आपली जुनी रीत. माझं काम त्याला लागूनच आहे: ५४ मिलिमीटर उंचीचे, धातूत ओतलेले होळकरी शिपाई. हे किल्ल्यावर जाणार आणि पोरं ते हाताळणार. त्यामुळे एक गोष्ट आधीच ठरली, शिसं अजिबात वापरायचं नाही. जुन्या काळी खेळण्यातले शिपाई शिशाचे असत. शिसं स्वस्त, ३२७ अंशांना वितळतं आणि साच्याच्या कोपऱ्यात छान बसतं, हे सगळं खरं. पण मुलांच्या शरीरात शिसं जाण्याची सुरक्षित अशी मात्राच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

मग उरतं कथील. वितळणबिंदू २३२ अंश, म्हणजे घरच्या हॉटप्लेटवर लोखंडी पळीत आरामात होतं. इंदुरात ते कसेरा बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या आसपास मिळतं, कल्हईवाले तेच वापरतात. रांगा म्हणून मागायचं. दुकानदार ‘एकदम असली’ म्हणतो आणि पट्टी वाकवून दाखवतो. खरं कथील वाकवताना कानाजवळ धरलं तर बारीक करकर ऐकू येते, आतल्या स्फटिकांची रचना वाकताना झटक्यात बदलते त्याचा तो आवाज. ऐकायला फार गोड, पण निव्वळ त्याच्या भरवशावर पैसे देऊ नका. थोडं शिसं मिसळलेली पट्टीही करकरते.

भरवसा वजनकाट्यावर. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. धातूचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला आणि कडेला टेकू द्यायचा नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. तुकडा कोरडा २१९ ग्रॅम भरला आणि पाण्यात काट्यानं ३० दाखवले, तर घनता ७.३, म्हणजे कथील. शंभरात दहा भाग शिसं असेल तर हाच आकडा ७.५६ च्या आसपास जातो, निम्मं-निम्मं असेल तर ८.९ च्या जवळ. शुद्ध शिशाची घनता ११.३४. काटा दशांश ग्रॅम दाखवणारा हवा आणि तुकडा मोठा हवा, नाहीतर फरक कळत नाही. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं पुसून टाका, ते घनतेचा आकडा खाली ओढतात. एकदा खात्रीची म्हणून घेतलेली पट्टी घरी आणून मोजली तर ८.१ निघाली. ती परत केली आणि तेव्हापासून मी काटा सोबतच नेतो.

जस्त मात्र या परीक्षेत सुटतं, कारण त्याची घनता ७.१४, कथलाच्या अगदी शेजारी. त्यासाठी उष्णतेची परीक्षा. ३०० अंशांवरच्या पळीत कथील विरघळून जातं, जस्ताला ४१९ लागतात, ते तसंच पडून राहतं. जस्त रसात शिरलं की वर दह्यासारखी जाड साय धरते आणि कोपरे भरत नाहीत.

नुसतं कथील मऊ. शिपायाचा हात सहज वाकतो. प्यूटर नावाच्या मिश्रधातूत त्यात अँटिमनी हा धातू आणि तांबं घालतात, साधारण ९२ भाग कथील, ६ अँटिमनी, २ तांबं. अँटिमनी ६३० अंशांना वितळते, ती सुटी आणून घरी विरघळवण्याच्या फंदात मी पडलो नाही. वाट सापडली बेअरिंगमध्ये. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये ज्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं, त्याच घराण्यातला व्हाइट मेटल आजही मोठ्या यंत्रांच्या बेअरिंगला लावतात. त्याच्या ग्रेड २ मध्ये ८९ टक्के कथील, ७.५ अँटिमनी आणि ३.५ तांबं असतं. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं आधीच एकजीव झालेलं.

लोहामंडीच्या बाजूला विचारत गेलात तर मिळतो, पण ग्रेडचा शिक्का असलेली नवी विटच घ्या. जुन्या बेअरिंगचा खरवडलेला माल नको, कारण व्हाइट मेटल शिशाचाही असतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. काट्यावर मात्र लपत नाही: कथलाचा ७.४ च्या आसपास, शिशाचा दहाच्या घरात.

दोन भाग व्हाइट मेटल आणि एक भाग कथील घेतलं की ९२.७ कथील, ५ अँटिमनी, २.३ तांबं असं पडतं. कागदावर उत्तम. पण तांबं जितकं जास्त, तितका रस पूर्ण पातळ व्हायला जास्त ताप लागतो, आणि रबराचा साचा तितका लवकर करपतो. थंड पडू लागला की रस रवाळ होतो, त्यात तांबं-कथलाच्या बारीक सुया तयार होतात आणि तळाशी बसतात. सध्या मी निम्मं-निम्मं घेतो: ९४.५, ३.७५, १.७५. ओततो ३०० अंशांवर, ओतण्याआधी पळी तळापासून ढवळून. हात थोडा मऊ राहतो, पण पागोट्याचा पीळ आणि नाकाचं टोक स्वच्छ उठतं. मला त्याची किंमत जास्त वाटते.

भाला मी ओततच नाही. मराठा स्वाराचा भाला लांब आणि बारीक, तो कुठल्याही मऊ धातूत टिकणार नाही. मुठीला छिद्र पाडून पितळी तार बसवतो.

साच्याला आतून टाल्कम पावडर झटकून लावायची, रस बारीक जागेत धावतो. मळी काढताना मेणाचा खडा टाकून ढवळायचं, खिडकी उघडी ठेवून. पाण्याचा थेंब पळीजवळ नको, साचाही वाळलेला हवा. ओल रसाखाली सापडली की तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. चष्मा, जाड हातमोजे, पायात बूट, आणि पोरं दुसऱ्या खोलीत.

आता थराचं. सांवेर रोडवर पावडर कोटिंग करून देणारे बरेच आहेत आणि पावडरचा थर रंगापेक्षा चिवट. पण ती पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर पिकते. आपला मिश्रधातू त्याहून वर वितळतो म्हणून निभावतो, तरी बारीक पाय असलेली मूर्ती आडवी, आधार देऊन ठेवायला सांगा. कोणी सोल्डरच्या ६३-३७ मिश्रणात (६३ भाग कथील, ३७ शिसं) ओतलं असेल तर भट्टीचा विचारच नको, ते १८३ लाच पाणी होतं.

पागोटी, शेले, अंगरखे रंगवायचे तर पावडर उपयोगाची नाही. तिथे साबणानं धुऊन, वाळवून, धातूवरचा प्रायमर, मग ॲक्रिलिक, वर मॅट वार्निश. रंग सजावटीच्या वर्गातलाच घ्या. २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग, केली आहे, औद्योगिक रंग त्या नियमात नाहीत. धातूतून शिसं इतक्या निगुतीनं वगळायचं आणि रंगातून परत आणायचं, हे मला मान्य नाही.

पायदळाचे साचे आता नीट चालतात. पुढचा साचा घोड्याचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीराला सरकारातून मिळालेला, तेव्हा दोघांच्या खोगीर-सामानात फरक दिसायला हवा, एकच घोडा दोघांना चालणार नाही. रस पोटाखालून सोडून चारही पायांकडे एकदम धाडायचा विचार आहे, हवा निघायला प्रत्येक खुराला वेगळी वाट. कोणी चार पायांचं जनावर दोन फाळ्यांच्या साच्यात ओतलं असेल तर सांधा कुठून घेतला, तेवढं कळवा.