तुम्ही विचारलंत म्हणून : दहा मराठी पिक्चर सांग ना

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. कधी ऑफिसातली कानपूरची मुलगी, कधी बंगलोरला वाढलेला भाचा, कधी नुसतीच तोंडओळख असलेले शेजारी. मस्ट वॉच मराठी पिक्चर सांग ना, दहाच सांग. दहाच का ते कोणी सांगत नाही. मी पण आता विचार करत नाही, फोनच्या नोट्समध्ये यादी सेव्ह करून ठेवलीय, तीच चिकटवते. संत तुकाराम, श्यामची आई, सामना, जैत रे जैत, सिंहासन, उंबरठा, श्वास, हरिश्चंद्राची फॅक्टरी, फँड्री, कोर्ट. झाले दहा.

ही यादी एकदा चुकून फॅमिली ग्रुपवर गेली आणि तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. समोरच्या पार्टीला आमचा कोल्हापूरचा मामा. त्याचा पहिला मेसेज, "दहातले चार जब्बार पटेलांचे, बाकी महाराष्ट्र काय झोपला होता व्हय?" मी मोजले तर खरंच चार! सामना १९७५, जैत रे जैत ७७, सिंहासन ७९, उंबरठा ८२, म्हणजे सात-आठ वर्षांत एकाच माणसाने माझी जवळजवळ निम्मी यादी अडवलेली आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. दुसरा मेसेज, "बनवाबनवी कुठाय?"

आता याला काय उत्तर देणार. अशी ही बनवाबनवी मी किती वेळा पाहिलाय याचा हिशोब नाही, टीव्हीवर अर्धा झालेला असला तरी बसते, आणि सत्तर रुपये वारले हे वाक्य आमच्या घरात उधारी बुडाली की आजही म्हटलं जातं. तरी यादीत नाही. मी तेव्हा फार हुशारीने लिहिलं होतं की अरे मामा तो हृषीकेश मुखर्जींच्या बीवी और मकानवर बेतलाय, ओरिजिनल नाही. मामा म्हणाला मग ते बीवी और मकान कोण बघतंय आज, सांग. गप्प बसले. खरं कारण वेगळंच होतं ना, कानपूरच्या मुलीपुढे मला लक्ष्याला साडीत दाखवायचं नव्हतं, व्हेनिस-बर्लिनला जाऊन आलेलं काहीतरी दाखवायचं होतं. (हे ग्रुपवर लिहिलेलं नाही, इथेच सांगतेय.)

मामाचा नियम सोपा आहे, जो पिक्चर मधूनच लागला तरी उठवत नाही तो यादीत. या नियमात सामना आरामात बसतो, निळूभाऊ आणि डॉ. लागू समोरासमोर आले की रिमोट खाली ठेवावाच लागतो. संत तुकाराम पण बसतो, हे लोकांना पटत नाही. १९३६ चा भक्तिपट म्हटल्यावर सगळे हात जोडून तयार होतात, आणि मग पोरगं आजारी पडल्यावर जिजाई थेट देवळात शिरते आणि पायातली वहाण काढून विठोबावर उगारते! पागनीसांचा तुकाराम शांत गोड आहेच, पण पिक्चर खाल्लाय तो गौरीबाईंच्या जिजाईने. माझी आई तो सीन बघताना दरवेळी म्हणते, बरोबर आहे तिचं.

पण फँड्रीला हा नियम लागू होत नाही. तो मी एकदाच पाहिलाय. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याच अंगावर येतो, त्यानंतर परत लावायची हिंमत झाली नाही, आणि तरी दहातून एकच ठेव म्हणालात तर मी तोच ठेवीन. मामाला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "ते वेगळं". त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

खरी लढाई कोर्टवर होती. मी म्हणायचे शेवट जबरदस्त आहे, मामा म्हणायचा शेवटच नाही, पैसे संपले असतील त्यांचे. दोन-तीन वर्षं हे चाललं. मग एका गणपतीत जेवणं झाल्यावर मी म्हटलं अरे पण त्या जज्जने मारलेली ती थप्पड, तेवढ्यात सगळं आलं की नाही. मामा म्हणाला, "कुठली थप्पड?"

झालं असं होतं की कोर्टात शेवटी एकेक करून दिवे बंद होतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. मामाला वाटलं संपलं. तो मामीला घेऊन गाडी काढायला गेला. पुढे जज्ज सुट्टीवर गेलेला, बाकावर डुलकी, पोरांचा दंगा, थप्पड, यातलं काहीही या माणसाने पाहिलेलं नाही आणि इतकी वर्षं माझ्याशी भांडतोय.

मी इतकी हसले की मामाने लगेच उलटा वार केला. "श्यामची आई पाहिलायस का सबंध?" आता आली पंचाईत. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक, आचार्य अत्रे, वनमाला, सगळं मला पाठ, भरजरी गं पितांबर पण पाठ, पण सलग पहिल्यापासून शेवटपर्यंत? दोन-तीन प्रसंग कधीतरी टीव्हीवर. पुस्तक वाचलंय, म्हणून पिक्चर पाहिल्यासारखं वाटत होतं. आणि श्वास २००४ मध्ये आला, पन्नास वर्षांनी मराठीला परत ते पदक मिळालं, हे मी तोऱ्यात ज्याला त्याला ऐकवायचे, त्या पन्नास वर्षांचं पलीकडचं टोक न बघताच.

त्याच रात्री माझ्या फोनवर मामाला कोर्टची शेवटची पंधरा मिनिटं दाखवली. चष्मा लावून बघितली. मग म्हणाला, "आहे शेवट. पण अंधारात कशाला ठेवायचं एवढा वेळ माणसाला?" त्याच्या यादीत तो अजूनही नाही.

तर यादी वर आहे, घ्या. श्यामची आई सध्या मी काढलाय, पाहून झाला की ठरवेन, त्याच्या जागी बनवाबनवी टाकलाय. जब्बार पटेल चारही राहतील, त्याला इलाज नाही. आणि कोर्ट बघाल तेव्हा अंधार झाला की उठू नका.