द.सा.द.शे.

आरोग्याचे हे दर वाचायचे कसे, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधीही पुष्कळांनी विचारलंय. शेवटचं विचारलं ते लग्नाच्या पंगतीत. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आकड्यांचं काम करायचो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जिलेबी बाजूला सारून म्हणाले, "महाराष्ट्राचा बालमृत्यू दर १६ आणि मातामृत्यू ३३. म्हणजे बाळांपेक्षा बाळंतिणी दुपटीने दगावतात की काय हो?"

मी त्यांना उलट विचारलं, "तुमच्याकडे कुणी नुसतं 'व्याज नऊ' म्हटलं तर?"

"नऊ काय? द.सा.द.शे. ना?"

दर साल, दर शेकडा. शाळेत व्याजाच्या गणितात ही चार अक्षरं आपण इतकी घोकली की बँकेत ती न बोलताही कळतात. आरोग्याचे दर मात्र वर्तमानपत्रात असे शेपूट तोडूनच येतात. १६ हा आकडा दर हजार जिवंत जन्मांमागे आहे आणि ३३ हा दर लाख जिवंत जन्मांमागे. एकाच मापात आणायचं तर असं: लाखभर बाळं जन्मली तर त्यांतली साधारण १६०० वर्षाच्या आत जातात, आणि आया जातात ३३. केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीतले हे आकडे, पहिला २०२० चा आणि दुसरा २०१८ ते २० अशा तीन वर्षांचा मिळून. मातामृत्यू सुदैवाने इतके विरळ असतात की पाहणीत एका वर्षात पुरेसे सापडत नाहीत, म्हणून तीन वर्षं एकत्र धरतात.

खरं तर मातामृत्यूचा आकडा काटेकोर अर्थाने दरही नाही, गुणोत्तर आहे. पोटात बाळ असतानाच बाई गेली तर ती अंशात येते, पण छेदात तिच्या नावावर काहीच येत नाही. गरोदर बायका नेमक्या किती हे मोजणं कठीण, म्हणून जिवंत जन्म त्यांच्या जागी उभे केले. हे पंगतीत सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

दुसरा प्रश्न केरळचा. २०२० मध्ये तिथे हजार लोकांमागे ७ मृत्यू आणि महाराष्ट्रात ५.५. मग केरळचं एवढं कौतुक कशाला? इथे शेपूट जागेवर आहे, दोन्हीकडे दर हजारच. फरक आहे तो त्या हजारांत कोण कोण बसलंय याचा. २०११ च्या जनगणनेत केरळात साठीच्या पुढचे लोक साडेबारा टक्क्यांच्या वर होते, आपल्याकडे दहाच्या आत. ज्या घरात आजी-आजोबा जास्त, त्या घरात तेरावेही जास्त. त्याच वर्षी केरळचा बालमृत्यू दर ६ होता. म्हणून दोन राज्यांची तुलना करताना नुसता मृत्युदर घेऊन चालत नाही. वयोगटवार बघावं लागतं, नाहीतर म्हातारपणापर्यंत जगल्याबद्दल माणसांना दोष दिल्यासारखं होतं.

'दर साल' हे दोन शब्द विसरले की वेगळाच घोळ होतो. वर्षभरात नवे किती आजारी पडले हा एक आकडा, आज घडीला आजार असलेले किती हा दुसरा. एचआयव्हीची मोफत औषधं आपल्याकडे २००४ पासून मिळू लागली. माणसं जगू लागली, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संख्येत ती टिकून राहू लागली. नवी लागण घटत असतानाही तो दुसरा आकडा फुगलेला राहू शकतो, आणि तो फुगण्यात औषधांचं यश असतं. बातमीत हे दोन्ही 'प्रमाण' या एकाच शब्दात कोंबलेले असतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

आदिवासी भागात साधारण वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. अशा केंद्रात वर्षाला तीनशेच्या आसपास जन्म. आमच्या एका केंद्रात आदल्या वर्षी चार बाळं गेली होती, त्या वर्षी सहा. दर १३ वरून २० वर गेला. आढावा बैठकीत पडद्यावर तो लाल रंगात झळकला आणि साहेबांनी मेडिकल ऑफिसरला उभं केलं. "दीडपट?" दोन बाळांचा फरक, छेद तीनशेचा. एवढ्या लहान छेदावर एका पावसाळ्यानेही दर हलतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा एका गावाचा आकडा धरून ते बोलले नाहीत. ३९ गावं मिळून नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला, असं त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

पण बैठकीनंतर मी त्या केंद्राचं रजिस्टर काढून बसलो. सहांपैकी एक बाळ माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचं. ती राहायची दुसऱ्याच जिल्ह्यात, पण जन्म-मृत्यूची नोंद घटना घडेल तिथे होते, म्हणून ते आमच्या खात्यात पडलं. आणि दुसरं एक बाळ पंधरा मिनिटं जगलेलं. श्वास, हृदयाचा ठोका, हालचाल, यांतलं काही एक दिसलं तरी तो जिवंत जन्म, असं व्याख्या सांगते. त्याआधीच्या वर्षांत अशी बाळं तिथे 'उपजत मृत्यू', म्हणजे मृतच जन्मलेली, म्हणून लिहिली जात होती. उपजत लिहिलं की बाळ अंशातूनही जातं आणि छेदातूनही. दर स्वच्छ राहतो, बैठकीत कुणी उभं राहत नाही.

हे मी साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मग उपजतच लिहायचं ना."

मी त्यांचा हा निरोप पोचवायला केंद्रावर गेलो, असं म्हणायला हवं. सिस्टरने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. जन्म चार वाजून दहा मिनिटं, मृत्यू चार पंचवीस, वजन चौदाशे ग्रॅम.

"खोडू का?" तिने विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता पान मिटलं. "रडलं होतं सर. एकदाच, पण रडलं होतं."